पांढरा धूर

॥ श्री ॥

वाघोली,
५ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
सर्जेरावचा सा. न. वि. वि.

पत्र संतोषच्या टेंपोतून पाठवतोय. मेथीच्या जुड्यांबरोबर मार्केट यार्डात दाजींच्या गाळ्यावर पोचेल. ओलं झालं तर मेथीला बोल लाव, मला नको. तू फोन केलास की मला नुसती माशी घोंगावल्यासारखी ऐकू येते, आणि तू मात्र तिकडे चिडतेस. तीस वर्षं ट्रॅक्टरवर बसून कान गेले, डोळे शाबूत आहेत. तेव्हा पत्रच बरं.

निशा आणि बाळ दवाखान्यातून घरी आली. मुलगी आहे. नाक आपल्या आईचं आहे असं कौसल्या म्हणते, मला तर अजून नाकच नीट दिसलं नाही, सगळी दुपट्यातच असते. पृथ्वीराजराव शनिवार-रविवार येऊन जातात. पौष संपला की बारसं करू. निशाला सव्वा महिना शेडलगतच्या खोलीत ठेवलंय. ती खोली उबदार. शेड आणि खोलीमधल्या भिंतीला वर पत्र्याखाली हातभर फट आहे, ती बुजवायची राहिलीय, पण वारा तिकडून येत नाही.

काळजी वेगळीच आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. अण्णांच्या वेळचा आपला ट्रॅक्टर थंडीत चालू होताना फार धूर टाकायला लागलाय. पांढराफेक, डोळ्यांत जाणारा. वैजनाथ मिस्त्री म्हणतो, इंजिन गार असलं की डिझेल पुरतं जळत नाही, तेच धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. एकदा तापला की काही नाही. पूर्वी आत हीटर होता, तो जळालाय, आणि एवढ्या जुन्या मॉडेलचा आता मिळत नाही म्हणे. मी बंबातलं कढत पाणी रेडिएटरला ओततो, तर कौसल्या ओरडते, कारण ते बाळाच्या अंघोळीचं असतं.

शेडसमोर ती सात मजली सोसायटी झालीय ना, तिचे सेक्रेटरी अनिरुद्ध रोज गॅलरीतून माझ्या धुराचा व्हिडिओ काढतात. परवा खाली येऊन म्हणाले की कॉर्पोरेशनला पाठवणार. मजा बघ, त्याच सोसायटीला सकाळी पाण्याचा टँकर मीच त्या ट्रॅक्टरने ओढून नेतो. धूर नको, पाणी मात्र सातच्या आत पाहिजे. त्यांचं जाऊ दे. पण वारा फिरला की तोच धूर बाळंतिणीच्या खिडकीतून आत जातो. काल बाळ खोकलं. एवढासा जीव, खोकताना सगळं अंग हलतं. माझा दिवसभर घास उतरला नाही. काय करावं ते तू कळव, तुला कायम सुचतं.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
सर्जेराव

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे,
७ जानेवारी

चि. सर्जेराव यास,
शालनअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मेथीला बोल लावायची वेळ आली नाही, तुझ्या अक्षराला लावावा लागला. गिरवायला मी शिकवलं हे कुणाला सांगू नकोस, पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईची अब्रू जाते.

नात झाली, फार आनंद झाला. निशाच्या कानात तिचं नाव मीच सांगितलं होतं, ते कालचंच वाटतं. तिला म्हणावं, बारशाला मी आठ दिवस आधीच येईन आणि कुणाचंही ऐकणार नाही. डिंकाचे लाडू टेंपोतून पाठवते आहे. ते बाळंतिणीसाठी आहेत, टँकरवाल्यासाठी नाहीत.

आता धुराचं. तुझ्या त्या सेक्रेटरींना एक दिवस पाणी नेऊ नकोस, म्हणजे धूर गोड वाटेल, असं लिहिणार होते, पण बाळ खोकलं हे वाचलं आणि चेष्टा सुचेना. तान्ह्या बाळाची छाती म्हणजे काय असते! यांना आजच नाना पेठेत पिटाळलं आहे. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, हीटर कुठेतरी असेलच. जळालेला हीटर संतोषबरोबर पाठव, नमुना दाखवायला लागेल.

तोवर एक कर. गेल्या वर्षी एवढ्या हौसेने शेडला शटर बसवलंस, ते काय दसऱ्याला हार घालायला? सकाळी शटर खाली ओढ आणि ट्रॅक्टर आतच चालू कर. इंजिन तापून धूर विरला की मग शटर उघडून बाहेर काढ. धूर सोसायटीतही जाणार नाही आणि खिडकीतही नाही. शिवाय बाळंतिणीच्या खोलीची बाहेरची खिडकी गोणपाटाने नीट बंद करून घे, गारठाही लागणार नाही. एवढं साधं तुझ्या डोक्यात येऊ नये याचं नवल वाटतं. लगेच कर, उद्यावर टाकू नकोस.

मला सारखं ते खोकणं आठवतं आहे. बाळ कसं आहे ते उलट टेंपोने कळव.

कौसल्येला आशीर्वाद. निशाची नि छोटीची दृष्ट काढायला सांग. माया आहे म्हणून रागावते, हे लक्षात असू दे.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

वाघोली,
११ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
सर्जेरावचा सा. न. वि. वि.

अक्का, तुझी युक्ती लाखात एक निघाली. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शटर खाली ओढून ट्रॅक्टर चालू करतो. मागच्या लहान दारातून मी बाहेर येतो आणि टँकर जोडायची तयारी करतो, म्हशीला वैरण टाकतो, तोवर गडी आत तापतो. मग शटर उघडलं की थोडासा धूर निघतो, बस्स. सोसायटीकडे काही जात नाही. काल अनिरुद्धांनी चक्क हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, असंच सहकार्य असू द्या, लोभ ठेवा. मला पुरतं ऐकू आलं नाही, पण हात जोडलेले दिसले. तू सांगितलेलं आजवर कधी वाया गेलं नाही.

खिडकीला दुहेरी गोणपाट ठोकलंय. खोलीत आता वाऱ्याची झुळूक येत नाही. बाळाचा खोकला थांबला. उलट इतकी शहाणी झालीय, की सकाळी रडतच नाही. पूर्वी पहाटे पहाटे गोंधळ घालायची, आता ऊन वर येईपर्यंत पडून असते. दुधालाही उठवावं लागतं. कौसल्या म्हणते, गुणाची पोर आहे, आईला झोपू देते.

निशाची प्रकृती मात्र थोडी नरम. सकाळी उठली की डोकं ठणकतं, दोनदा उलटीही झाली. जागरणाने होतं असं कौसल्येचं म्हणणं. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुपारी बरी असते. मलाही दहा-पंधरा मिनिटं गरगरल्यासारखं होतं, पण माझं वय झालं. परवा पाणी भरायच्या ठिकाणी वीज नव्हती, म्हणून ट्रॅक्टर काढलाच नाही. त्या दिवशी घरात कशी मजा होती! निशा हसत होती, छोटी सकाळीच जागी, हातपाय झाडत होती. म्हटलं बरी झाली पोरगी, तर कालपासून परत तेच.

आपली भुरी मांजर शेडमध्ये झोपेनाशी झालीय. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ऊब घेत पडायची, आता ओसरीवर गारठत बसते. तिलाही शटर आवडलेलं दिसत नाही.

जळालेला हीटर सोबत पाठवलाय. लाडू चारच उरलेत, कसे ते विचारू नको. संक्रांतीला येतेस का? निशाच्या डोक्याचं काही औषध माहीत असेल तर कळव, मला आतून बरं वाटत नाही. माया अशीच राहू दे.

तुझा,
सर्जेराव

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे,
१३ जानेवारी, पहाटे

चि. सर्जेराव यास,
शालनअक्काचे अनेक आशीर्वाद.

बाहेर अजून उजाडायचं आहे. हे चपला घालून पत्राची वाट बघत दारात उभे आहेत, कारण टेंपो परत निघण्याआधी ते यार्डात संतोषच्या हाती पडायला हवं. तिळगूळ सोबत आहे. हीटर अजून मिळाला नाही. नाना पेठेत एक दुकानदार म्हणाला की असला हीटर शेवटचा त्याच्या वडिलांनी विकला होता. पण जुन्या मालात शोधून ठेवतो म्हणाला आहे.

तुझं पत्र शेजारी ठेवून एकेका मुद्द्याचं उत्तर लिहिते, नाहीतर तू म्हणतोस अक्का माझं काही वाचत नाही.

सोसायटीचं बरं झालं. हात जोडलेला माणूस व्हिडिओ काढू शकत नाही.

लाडवांचं मी काही बोलत नाही.

निशाच्या डोक्याचं. आधी तिला विचार, सकाळीच दुखतं ना, आणि दुपारी बरं असतं ना. जागरणाचं डोकं असं वेळ बघून दुखत नाही. ते दिवसभर राहतं, मी दोन बाळंतपणं काढली आहेत. मग पित्त असेल. पण पित्त तुलाही त्याच वेळी कसं झालं? तुलाही गरगरतं असं लिहिलं आहेस. आणि वीज नव्हती त्या दिवशी निशा आणि छोटी दोघीही बऱ्या. त्या दिवशी वेगळं काय झालं? खाणं तेच, खोली तीच. फक्त ट्रॅक्टर काढला नव्हतास.

छोटी सकाळी रडत नाही. दुधाला उठवावं लागतं.

मांजर शेडमध्ये झोपत नाही.

सर्जेराव, त्या भिंतीला वर फट आहे. तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. बाहेरची खिडकी मी बंद करायला लावली, शटर मी ओढायला लावलं, सगळा धूर त्या फटीतून

निशाचा फोन बंद आहे. बाळाची झोप मोडू नये म्हणून बंद ठेवते. कौसल्येजवळ फोन नाही. तुझा वाजतो आहे. तुला ऐकू येणार नाही. यांना स्कूटर काढायला सांगितलं आहे. तू आता शटर

॥ श्री ॥

वाघोली,
१८ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
सर्जेरावचा सा. न. वि. वि.

दवाखान्यातून तू दाजींबरोबर घरी गेलीस, त्यानंतर छोटीला आणि निशाला दोन दिवस ठेवून काल सोडलं. छोटी आता दूध पिते. तुला हे आधी कळावं म्हणून आधी लिहिलं. निशाने फोनवर सांगितलंच असेल, पण मी लिहिल्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

तुझं अर्धं पत्र माझ्याजवळ आहे. तुझ्या मुठीत चोळामोळा झालं होतं, अनिरुद्धांच्या गाडीत पडलं, ते त्यांनी आणून दिलं. त्याला शेवट नाही, सही नाही. तुझं असं पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. वाचलं आणि मग मला त्या सकाळचं सगळं उलगडलं. तोवर मला काहीच कळलं नव्हतं गं. मी वैरणीचा भारा घेऊन पुढे आलो, तर तू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी शटर वर ओढत होतीस आणि दाजी खाली वाकून जोर लावत होते. मला वाटलं, संक्रांतीला अचानक आलीस. मी हसून हात हलवला. अक्का, मी हसलो.

मग तू खोलीत धावलीस. निशा भिंतीला धरून उभी राहायला बघत होती आणि खाली बसत होती. तू छोटीला बाहेर आणलंस तेव्हा तिची मान तुझ्या हातावर लोंबत होती. अनिरुद्ध गॅलरीतून बघत होते, ते लेंग्यावरच खाली आले आणि गाडी काढली. माणूस वाईट नाही. दवाखान्यात डॉक्टरबाई माझ्याशी काय बोलल्या ते अनिरुद्धांनी मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. डोळ्यांत जातो त्या धुरापासून माणूस बाजूला होतो, पण त्यातच एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो नुसता झोपवतो. आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर पोर उठली नसती. मी ते वाचलं आणि मोबाईल त्यांना परत दिला.

नाकाला नळी लावलेली छोटी मी काचेतून बघत होतो. बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं, आत सगळं लाल लाल दिसलं, मूठ वळली, आणि तुम्ही सगळ्या एकदम रडायला आणि हसायला लागलात. तेव्हा मला कळलं, की ती रडतेय.

आता एक ऐक. शटर कोणाच्या डोक्यातून निघालं असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा माझ्या, असं मी सांगितलं. कौसल्येलाही तेच सांगितलंय. तू कुणाला काही बोलू नको. निशा माझ्याशी धड बोलत नाही, छोटीला माझ्या हातात देत नाही. बरोबर आहे तिचं. ती रागावून काय बोलते ते मला तसंही ऐकू येत नाही, तेव्हा तो राग माझ्याकडेच राहिलेला बरा. तू आत्या आहेस, तू बारशाला ताठ मानेने यायचंस.

फट सिमेंटने बुजवली. शटर उतरवून भंगारात दिलं. ट्रॅक्टर तेव्हापासून उभाच आहे. सोसायटीने पाणी दुसरीकडून मागवलं. दाजींना हीटर मिळाला तर ठीक, नाही तर राहू दे. तुझं अर्धं पत्र मी ट्रंकेत ठेवलंय, परत मागू नको.

तुझा लोभ कमी झाला तर मला कुणी उरणार नाही.

तुझा,
सर्जेराव

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे,
२० जानेवारी

चि. सौ. निशा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुला पत्रं वाचायची सवय नाही हे मला माहीत आहे. तरी हे फोनवर बोलायचं धैर्य माझ्यात नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र तुझ्या बाबांना दाखवू नकोस, तो माझ्यावर चिडेल.

शटर ओढून ट्रॅक्टर चालू करायला तुझ्या बाबांना मी सांगितलं. खिडकी बंद करायलाही मीच. सहज सुचलं म्हणून नाही, चांगलं ठणकावून लिहिलं, लगेच कर असं लिहिलं. माझ्या शब्दाबाहेर तो लहानपणापासून कधी गेला नाही आणि याही वेळी गेला नाही. डॉक्टरांसमोर त्याने सगळं स्वतःवर घेतलं. त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचं असेल तर पत्ता वर लिहिला आहे.

मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. हातभर फट आहे असं त्याने स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं आणि पुढे गेले. तुझ्या लेकीची मान माझ्या हातावर पडली होती, ते वजन अजून हातावर आहे. जेवताना, भांडी घासताना तोच हात दिसतो. फार भीती वाटते गं, आता झालं गेलं असूनही वाटते.

हीटर मिळाला. त्या दुकानदाराने खरंच वडिलांच्या पेटीतून शोधून काढला. उद्या संतोषबरोबर पाठवते. वैजनाथ मिस्त्रींकडून बसवून घ्या आणि ट्रॅक्टर उघड्यावर चालू करायला सांग. कितीही धूर झाला तरी उघड्यावर.

बारशाला मी यावं की नाही ते तू ठरव. नको म्हणालीस तरी मला समजेल.

लोभ उरला असेल तर ठेव.

तुझी,
आत्या

वाघोली,
२३ जानेवारी

प्रिय आत्या,
नमस्कार.

वर काय लिहायचं असतं ते मला येत नाही. सा. न. वि. वि. चा फुल फॉर्म मी आईला विचारला, तिलाही पूर्ण आला नाही. हे माझं आयुष्यातलं पहिलं पत्र, चुका काढू नकोस.

आत्या, मला ते आधीच माहीत होतं. गाडीत बसल्यापासून दवाखान्यापर्यंत तू एकच बोलत होतीस, मी सांगितलं, शटर मी लावायला सांगितलं, माझ्यामुळे झालं. नगर रोडच्या सगळ्या ट्रॅफिकमध्ये तू तेच बोलत होतीस. तुला आठवतही नसेल. मी ऐकलं, आईने ऐकलं, अनिरुद्ध काकांनी ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त बाबांनी. पुढे बसून ते आमच्याकडे वळून वळून बघत होते. मग त्यांनी डॉक्टरांना ते सगळं सांगितलं तेव्हा आम्ही काय बोलणार? आई म्हणाली, त्यांना तसंच राहू दे.

बाबांनी तुला लिहिलं का, की मी बाळ त्यांच्याकडे देत नाही? मी दोनदा हात पुढे केला, तेच मागे सरकले. साबणाने हात धुतात, वास घेतात, परत धुतात. डिझेलचा वास येतो असं म्हणतात. मला राग आला होता, खोटं बोलत नाही. पहिले दोन दिवस खूप आला होता, त्यांचा, तुझा, माझा पण. डोकं इतकं दुखत असताना मी गप्प का बसले, असं मला वाटत राहतं. अजूनही छोटी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. ते जाईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाल्या.

काल वैजनाथ मिस्त्रींनी हीटर बसवला आणि आज सकाळी ट्रॅक्टर माणसं लावून शेताच्या पार टोकाला ढकलत नेऊन चालू केला. बाबा चालू करायला तयार नव्हते, किल्ली मिस्त्रींच्या हातात देऊन लांब जाऊन बसले. मी छोटीला स्वेटर, टोपी, सगळं घातलं, वाऱ्याच्या उलट बाजूला त्यांच्याजवळ गेले, आणि काही न विचारता त्यांच्या मांडीवर ठेवली. आता ती तिथेच होती, मागे कुठे सरकणार? हीटर असूनही धूर आलाच. पहिल्यापेक्षा कमी, पण आला, पांढरा, आणि वर जाऊन विरला. बाबा धुराकडे बघत नव्हते.

बारशाला ये. आठ दिवस आधी येईन म्हणाली होतीस, ते मी धरून बसलेय. पृथ्वीराजच्या ताईंशी बोललेय. नाव त्या सांगतील, पण दुसऱ्या कानात तू सांगायचं. नाव मुक्ता ठरलंय.

लोभ उरला का असं विचारू नकोस परत. लोभ इथेच आहे.

तुझी,
निशा

ता. क. धूर दिसल्यावर सोसायटीच्या गॅलरीत अनिरुद्ध काका सवयीने मोबाईल घेऊन उभे राहिले होते. मग ग्रुपवर त्यांनी तो व्हिडिओ टाकला नाही, मला पाठवला. धूर त्यात कोपऱ्यात थोडासाच आहे. मध्ये बाबा आहेत, आणि छोटी तोंड पूर्ण उघडून रडते आहे, आणि बाबा तिच्या तोंडाकडे बघून हसतायत. त्यातला एक फोटो प्रिंट काढून सोबत पाठवतेय.